दुकान बंद करण्याआधी

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या एका मुखदुर्बळ तरुणाच्या शेजारी मायलेकींचे बोलणे चालले होते.

“पाळीआधीच्या आठवड्यात एडीएचडीची गोळी लागूच पडत नाही, हे डॉक्टरांना सांग हं.”

“सांगते. आणि तू शिलाईचं दुकान बंद करतेयस, तेही सांगू?”

“माझं काय मध्येच? वय झालं.”

“पाळी थांबत आल्यापासून तुला मशीनचा आवाज सोसेना. काल फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यास.”

“वेंधळी मी लहानपणापासूनच गं.”

“मीही, आई. माझ्या वेंधळेपणाला एडीएचडी असं नाव मिळालं, तुला नुसतीच बोलणी बसली.”

नर्सने हाक मारली.

“ऊठ, तुझा नंबर आला.”

“आज माझ्या नंबरावर तू जा, आई. मी पुढच्या आठवड्यात येईन.”

“अगं, पण सांगू काय त्यांना?”

“दुकान अजून चालवायचंय, इथून सुरुवात कर.”