रविवारचा क्लास

सुधाकर : आणि या चपला कोणाच्या? तुमच्या पायाला तर होणार नाहीत.

आग्नेल : आधी तुम्ही कोण ते सांगा. फाटक उघडून सरळ ओट्यापर्यंत आलात.

सुधाकर : तेजसचा बाप. विरारपासून बसच्या मागे गाडी घातली, तेव्हा कळलं की चिरंजीव वटारला उतरतात. फोन क्लासमध्ये, मित्राच्या दप्तरात! म्हणजे मी लोकेशन कितीही वेळा बघितलं तरी हा क्लासमध्येच दिसणार. चार रविवार गेलेला नाही, काल सरांनी सांगितलं.

आग्नेल : बसा. हळू बोला जरा.

सुधाकर : हळू का? आत कोण आहे?

आग्नेल : तुमचाच मुलगा.

सुधाकर : आणखी कोण? मुलगी आहे का घरात? की काही ओढायला देता त्याला? खरं सांगा.

आग्नेल : मी आणि माझी बायको एस्थर, दोघंच राहतो. ती केळी घेऊन बाजारात गेलीय.

सुधाकर : मग सतरा वर्षांच्या मुलाचं तुमच्याकडे काम काय?

आग्नेल : झोपतो.

सुधाकर : काय?

आग्नेल : येतो, पाणी पितो, आतल्या खाटेवर आडवा होतो. दोन तासांनी उठून जातो.

सुधाकर : मला येडा समजता? झोपायला कोणी बस पकडून येतं?

आग्नेल : मलाही पटलं नव्हतं. पहिल्यांदा दिसला तो आमच्या विहिरीच्या कठड्यावर, खाली वाकून बघत बसलेला. धस्स झालं हो. दंडाला धरून ओढलाच त्याला. म्हणाला, पहाटे साडेचारला उठवतात, रात्री बारापर्यंत बसवतात, डुलकी लागली की कॅमेऱ्यातून पप्पा ओरडतात.

सुधाकर : बारावी आहे त्याची. त्याच्या भल्यासाठीच लावला कॅमेरा.

आग्नेल : झाला उपयोग?

सुधाकर : टॉवेल टाकतो त्याच्यावर. मध्ये केस रंगवून आला. मी न्हाव्याकडे नेऊन पार भादरून आणला, तर दुसऱ्या दिवशी कान टोचून हजर! पूर्वी मान वर करून बोलायचा नाही हो. मी जितकं घट्ट धरतो, तितका... म्हणून तर म्हणतो, कोणीतरी फितवतंय त्याला.

आग्नेल : म्हणजे मी.

सुधाकर : फुकट कोण कोणाच्या पोराला जागा देतं?

आग्नेल : मग उठवा की त्याला. समोरासमोर विचारा.

सुधाकर : उठवतोच. कुठेय... तोंड उघडं टाकून झोपलाय.

आग्नेल : असाच झोपतो.

सुधाकर : घरी माझं पाऊल वाजलं तरी ताडकन उठून बसतो.

आग्नेल : उठवताय ना?

सुधाकर : खुर्ची आहे का एखादी?

(तासाभराने.)

तेजस : पप्पा! मी... पाचच मिनिटं, आत्ताच पडलो होतो—

सुधाकर : सावकाश ऊठ.

तेजस : मारायचं तर घरी मारा. अंकलसमोर नको.

सुधाकर : मारत नाहीये.

तेजस : त्यांना काही बोललात का? त्यांनी नाही बोलवलं मला. मीच येतो.

सुधाकर : सांगितलं त्यांनी.

तेजस : तुम्ही कधी आलात?

सुधाकर : झाला तासभर.

तेजस : तासभर? मग उठवलं का नाही? व्हिडिओ काढला माझा? मम्मीला दाखवायला?

सुधाकर : नाही रे. तेजस, तो कॅमेरा आज काढून टाकतो.

तेजस : आणि त्याच्या जागी काय लावणार?

सुधाकर : काही नाही.

तेजस : बघू.

सुधाकर : चल, गाडी बाहेर लावलीय.

तेजस : मी बसने येईन.

सुधाकर : कितीच्या... बरं. ये.