ओकचं कपाट आणि काकूंचे सैनिक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या टेनबाखच्या महापौर श्रीमती राइनहिल्ड कोल्ब, व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्रीबुवा, संग्रहालय मंडळाचे सन्माननीय सभासद, आज निवृत्तीनिमित्त ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती वाल्बुर्गा ओट, आणि टेबलावर आलुबुखारचा केक दिसत असूनही शांत बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मंडळाची सचिव म्हणून ओटबाईंविषयी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. चार शब्दांत मावतील अशा या बाई आहेत का? संग्रहालयातले शिशाचे रंगीत सैनिक सांभाळण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यांचा ओरडा खाल्ला नाही असा माणूस या सभागृहात सापडेल का? "डोक्याला धरू नका! बंदुकीला तर मुळीच नको! पायाखालच्या पट्टीला धरा, आणि आधी हातमोजे!" महापौरबाई, हसू नका, तुम्हीही खाल्लाय.

पण मला आज सांगायची आहे ती कपाटाची हकिकत. केर्नकाका, तुमची परवानगी मी सकाळीच घेतली आहे. आता माघार नाही.

लोरेंझ केर्न म्हणजे आपल्या गावचे सुतार. त्यांच्या पत्नी गेर्लिंडकाकू हे करंगळीएवढे चपटे सैनिक भिंगाखाली धरून रंगवायच्या. काकू गेल्या, तेव्हा काकांनी त्यांची अख्खी पलटण संग्रहालयाला दिली आणि तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी ओकच्या लाकडाचं कपाट केलं. कोरीव वेली, काचेची दारं, धुळीचा कण आत शिरणार नाही असं घट्ट काम. दर रविवारी काका येत, कपाटासमोर थोडा वेळ उभे राहत आणि निघून जात.

काही वर्षांनी ओटबाईंना एका घोड्याच्या पायावर पांढरी भुकटी दिसली. मग शेजारच्या घोडेस्वारावर. बाईंचं शिक्षणच जुन्या वस्तू जपण्याचं, त्यांनी लगेच ओळखलं. ओकच्या लाकडातून आंबट वाफ सुटत राहते आणि बंद जागेत ती शिशाला खाते. म्हणजे काकांचं कपाटच काकूंचे सैनिक खात होतं! हे त्या माणसाला सांगायचं कोणी? मंडळातले आम्ही सगळेच त्या आठवड्यात एकाएकी फार कामात होतो.

ओटबाई स्वतः गेल्या. काका भडकले.

"चर्चमधले बाक ओकचेच आहेत. कोण मेलं त्यावर बसून?"

"बाकावर माणसं बसतात केर्नसाहेब, शिसं नाही."

"माझ्या कामाला नावं ठेवता?"

"काम उत्तम आहे, तीच तर अडचण आहे. दारं इतकी नेटकी बसलीत, की आतली वाफ बाहेरच पडत नाही."

हे कौतुक म्हणायचं की ठपका, काकांना कळेना. त्यांनी रंधा उचलला आणि पाठ फिरवली. त्यांचं रविवारचं येणंही थांबलं. मंडळ म्हणालं, जाऊ द्या, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं? ओटबाई म्हणाल्या, "सैनिक मरू देणार नाही. पण केर्नसाहेबांना न विचारता हलवणारही नाही."

पुन्हा गेल्या, त्या डबीत मऊ कागदावर ठेवलेला एक ढोलवाला घेऊन. काकांनी डबी उघडली. ढोलवाल्याचा पाय गळून बाजूला पडला होता. भुकटी उडवायला काका वाकले, तशा बाई ओरडल्या, "फुंकू नका! विष आहे ते!"

काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हा तिनं आजारपणात रंगवला होता. बाकीचे?"

"बाकीचे अजून वाचतील."

दुसऱ्या दिवशी काका हत्यारांची पिशवी घेऊन संग्रहालयात आले आणि स्वतः केलेली दारं त्यांनी स्वतःच उतरवली. पलटण धातूच्या कपाटात गेली. ओकच्या कपाटात आता आपल्या कॉफीचे कप आहेत, आणि कपांना काही झालेलं नाही.

बाईंनी काकांना तिथेच सोडलं नाही. हातमोजे दिले, मऊ ब्रश दिला, शेजारी बसवलं. इतकी वर्षं काचेबाहेरून पाहिलेले ते सैनिक काका पहिल्यांदाच एकेक करून हातात घेत होते. एके सकाळी ते मोठ्यानं हसले. मागच्या रांगेतला एक शिपाई उभ्या उभ्या झोपला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"अहो बाई, हा मी! रविवारी चर्चमध्ये! मला असं रंगवून ठेवलं, आणि एका शब्दानं बोलली नाही!"

हसता हसता डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी हात वर नेला, आणि ओटबाई पुन्हा ओरडल्या, "हातमोजे काढा आधी!"

तेव्हापासून दर गुरुवारी काका साफसफाईला येतात. परवा त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही गेल्यावर मला ओरडणार कोण?"

बाई म्हणाल्या, "माझी खिडकी संग्रहालयासमोरच आहे. उघडी ठेवीन."

ओटबाई, ती खिडकी खरंच उघडी ठेवा. आम्हा सगळ्यांसाठीच. अध्यक्षांचे, पाद्रीबुवांचे, केक भाजणाऱ्या भगिनींचे आणि माझं बोलणं सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान चुकला असेल, तर तो माझा निष्काळजीपणा समजा, मनातला दुरावा नव्हे, आणि मोठ्या मनानं पदरात घ्या.