देवीदास मेश्राम यांची रविवारची जागा

दिनांक १० मार्च २०२५

जबाब देणार : श्रद्धा देवीदास मेश्राम, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त परिचारिका, राहणार रांझी, जबलपूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी मुलगी दीक्षा नागपूरला नोकरीला आहे. मला हिंदी येते, पण ही गोष्ट मराठीतच नीट सांगता येईल असे मी म्हटल्यावरून पोलीस ठाण्याचे प्रधान आरक्षक अंबरीश खेर, जे स्वतः घरी मराठी बोलतात, त्यांनी हा जबाब मराठीत लिहून घेतला. हिंदी प्रत ते वेगळी करणार आहेत.

माझे पती देवीदास मेश्राम खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. गेल्या नोव्हेंबरमध्ये ते यकृताच्या आजाराने घरीच वारले. मी अख्खी नोकरी वॉर्डात काढली आहे, मेलेला माणूस मला कळतो. त्यांचे डोळे मीच मिटले. हे आधी सांगते, कारण इथे ठाण्याबाहेरच्या बाकावर मला दोघांनी विचारले, "दीदी, पक्का मरे थे न?"

निवृत्तीनंतर पतींना फोनवर पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायचा नाद लागला होता. नाद म्हणजे उधळपट्टी नव्हे, माणूस कवडी कवडी जपणारा होता. त्या ॲपवर दर रविवारी दुपारी एक स्पर्धा असते. तिचे बक्षीस आधीच जाहीर होते, दोन लाख, खात्रीचे, माणसे कितीही येवोत. प्रवेश दोनशे रुपये. हजार माणसे आली तर बक्षीस लोकांच्याच पैशातून निघते. कमी आली तर तूट ॲपच्या कंपनीला पदरमोड करून भरावी लागते. पती नेमके अशाच दिवशी बसत. नाव नोंदवायची मुदत संपत आली की रिकाम्या जागा बघायच्या, आणि माणसे कमी दिसली तरच दोनशे टाकायचे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडसुद्धा ते दुकान बंद व्हायच्या वेळेलाच घेत. मला म्हणत, "दुसऱ्याच्या खिशातले पैसे टेबलावर पडून आहेत, काहून सोडू?" मी म्हणत असे, "जेवण थंडं होऊन राहिलं, ते पण टेबलावरच आहे." आजारपणात ते पलंगावर पडून, फोन छातीवर ठेवून खेळत. तेव्हा मी ताट पलंगाशीच नेऊन देत असे.

ते गेल्यावर फोन मी बंद करून कपाटात ठेवला. जानेवारीत दीक्षा आली. खात्यातली शिल्लक काढून खाते बंद करावे म्हणून तिने स्वतःच्या फोनवर ते ॲप घेतले. रविवार होता. चालू टेबल कोणालाही बघता येते. एका टेबलावर "देवीदास खमरिया" हे पतींचे तिथले नाव होते. फोटो तोच, भेडाघाटला मी काढलेला, कोपऱ्यात माझे बोट आलेला. त्यांच्यापुढे पत्ते होते आणि ते खेळत होते.

दीक्षा म्हणाली, "आई, बाबांचं खातं कोणीतरी चोरलं." मी कपाट उघडून पाहिले. फोन बंदच होता. मग आम्ही दोघी खेळ पाहत बसलो. पती पत्ते टाकून द्यायचे असले तरी मिळालेला सगळा वेळ खात, आणि लोक चिडत. हाही तसाच करत होता. कोणीतरी लिहिले, "अंकल, सो गए क्या?" त्यावर त्यांच्या नावाने उत्तर आले, "अच्छा, चलो." जिवंतपणी ते हेच लिहीत. दीक्षा रडायला लागली. मला रडू आले नाही, राग आला.

आम्ही बौद्ध आहोत. भूतप्रेत मानत नाही. म्हणूनच मी मांत्रिकाकडे न जाता आधी कंपनीकडे गेले आणि आता पोलिसांकडे आले आहे.

कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आले की, सदर खाते नियमित खेळत आहे, बंद करायचे असल्यास खातेदाराने स्वतः खात्यातून विनंती करावी. मी फोन लावून म्हटले, "अहो, खातेदार राख झाला." पलीकडचा इसम म्हणाला, "मॅम, सिस्टम में तो खेल रहे हैं."

त्यानंतर मी दर रविवारी पाहत गेले. माणसे पुरेशी असली की ते येत नाहीत. जागा रिकाम्या राहिल्या की अगदी शेवटी येऊन बसतात. पूर्वीही असेच बसत, पण तेव्हा फायदा त्यांचा होता. आता त्यांच्या बसण्याने कंपनीची तूट झाकली जाते, आणि ते जिंकले तरी पैसे घरी येत नाहीत. मेलेल्यांची खाती खुर्च्या भरायला वापरतात, असा माझा कंपनीवर संशय आहे. जन्मभर कारखान्यात हजेरी लावली, आता मेल्यावर या कंपनीची बिनपगारी चाकरी. हे मला सहन होत नाही.

एका रविवारी त्याच टेबलावर श्रीकांत बोरकर हे नाव दिसले. ते पतींसोबत कारखान्यात होते आणि दोन वर्षांपूर्वी वारले. दोघी मिळून तक्रार करू म्हणून मी त्यांच्या पत्नी अंजनी यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी दर रविवारी पाहते. बंद नका करवू दीदी. तेवढा वेळ ते कुठंतरी बसून आहेत असं वाटते." मी चहा अर्धा टाकून निघाले. वाटेत मला माझीच भीती वाटली, कारण त्यांचे म्हणणे मला पुरते कळले होते.

टेबलावर बोलायचे तर खेळावे लागते. म्हणून फेब्रुवारीत मी माझ्या नावाने खाते काढले. आधी दुसरीच टेबले मिळाली, मग एकदा त्यांच्या समोर बसले. मी लिहिले, "तुम्ही कोण?" उत्तर आले, "अच्छा, चलो." मी लिहिले, "मी श्रद्धा." त्यानंतर ते माझ्याविरुद्ध एकदाही खेळले नाहीत. मी डाव लावला की ते पत्ते टाकून देत.

काल रविवारी मी मुद्दाम ॲप उघडले नाही. दुपारी माझ्या फोनवर त्यांच्या नावाने संदेश आला, "काहून नाही आली? बाजूची जागा रिकामी आहे." ॲपवर पती हिंदीतच लिहीत. असे ते फक्त घरात बोलत. दीक्षाचे म्हणणे, फोन घरातले बोलणे ऐकतो. ऐकत असेल. पण मग शेवटच्या दिवसांत, फोन छातीवर असताना, ते माझ्याशी जे बोलले तेही त्या लोकांकडे आहे. ते काय होते हे मी इथे लिहून देणार नाही.

हा जुगार आहे हे माहीत होते का, असे विचारल्यावरून सांगते की, ते तुम्ही ठरवा. माझा नवरा मेला आहे, एवढे ठरलेले आहे.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, होय, संदेश आल्यावर मी पैसे भरले आणि बसले. त्यांच्या बाजूलाच. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाही. आज सकाळी पाहिले तर पुढच्या रविवारचे माझे नावही नोंदवून झालेले आहे. ते मी केल्याचे मला आठवत नाही.

माझी मागणी एवढीच की, माझ्या पतींना त्या टेबलावरून उठवावे. आणि माझ्यापुरते एक आजच नोंदवून ठेवावे. माझी तब्येत ठीक आहे, पण वय झाले आहे. मी गेल्यावर माझ्या नावाने कोणी तिथे बसलेले दिसले, दीक्षाशी माझ्यासारखे बोलले, जेवलीस का म्हणून विचारले आणि तिला बाजूची जागा दाखवली, तर ती तिची आई नव्हे.

खेर यांनी हे सर्व मला सावकाश वाचून ऐकवले. त्यांनी आपल्या मनाचे काही घातले नाही आणि माझे काही गाळले नाही. जसे सांगितले तसेच आहे, म्हणून माझ्या हाताने सही करते.

श्रद्धा देवीदास मेश्राम