दोघांपुरता बाक

– छे हो, तो नियमच आहे आमच्याकडचा. बाकावर बसलेल्या माणसाला आत किती वेळ लागेल ते सांगायचं नाही, आणि का सांगायचं नाही ते विचारायचं नाही. मी वकिली करायला आजोबांच्या ऑफिसात आले ना, तेव्हा पहिल्या दिवशी बाबांनी मला कायदा नाही शिकवला, हे शिकवलं. पण ताई, तुम्ही विचारलंतच, तर सांगते – लागेल वेळ. तुमचा भाऊ येऊन तुमच्या शेजारी बसेपर्यंत तर लागेलच, आणि मग तुम्हाला रडू येईपर्यंत. – असं बघू नका. हो, त्यालाही हीच वेळ दिलीय. चुकून? आमच्याकडे चुकून काही होत नाही. त्याच्या वकिलाला पत्ता नाही, पण आजोबांनी बोलावल्यावर या शहरात येत नाही असं कोण आहे?

हा बाकच बघा ना. दोघांपुरता. तिसरा बसलाच तर अर्धा हवेत. समोर पंखा एकच, आणि तो मान फिरवत नाही, म्हणजे वारा हवा तर जवळ सरकायलाच हवं – मी एकदा दुरुस्तीला माणूस बोलावला, तर बाबा असे अंगावर आले, जशी काही मी फाइलच जाळली. वाचायला पेपर एकच. चहा येईल तो एका ट्रेमध्ये, बिनसाखरेचा, आणि साखरेचं भांडं एकच. म्हणजे कोणीतरी कोणाला तरी विचारणारच ना, किती घालू? आणि भाऊ विचारतच नाही, गंमत तीच आहे. त्याला माहीत असतं. तो न विचारता दीड चमचा घालतो, ढवळून कप पुढे करतो – आणि बहीण गेली. कोर्टात ताठ उभी राहिली असती अशी बाई दीड चमच्यात विरघळते. मग तो आईच्या गुडघ्यांचा विषय काढतो. मग ही म्हणते, तू बारीक झालास. आणि आत आजोबा – ते दार बघितलंत? बोटभर उघडं असतं, कायम – आवाज मऊ झाले की चष्मा कपाळावर चढवून बाहेर येतात आणि म्हणतात, "अरे, तुम्ही कधीचे थांबलात?" तडजोडीचा कागद तयारच असतो हो, फक्त सही हवी असते.

नाही, मोठे वकील आहेतच, त्यात काय खोटं? उलटतपासणीला उभे राहिले की न्यायाधीशसुद्धा खुर्चीत सावरून बसतात. एका साक्षीदाराला त्यांनी नुसतं विचारलं, पाणी हवंय का – आणि तो खरं बोलून मोकळा झाला. मी स्वतः पाहिलंय. एकही खटला हरले नाहीत म्हणतात, तेही खरं. हरतील कसे? हरण्यासारखं जे असतं ते कोर्टाची पायरी चढतच नाही, ते इथे बसतं, पंख्यासमोर. आणि मी म्हणत नाही की बाक वाईट. भिंतीवरून भांडणारे दोन शेजारी इथून एका स्कूटरवर बसून गेले, एक नवरा-बायको तर आजोबा बाहेर यायच्या आत निघून गेले, फी बुडाली – मी पोट धरून हसले होते. पण मग मी बघायला लागले, उठताना कोण काय घेऊन उठतं. बरोबरीची माणसं बसली तर बरोबरीने उठतात. पण एक बहीण आणि एक भाऊ बसले, तर उठताना भावाकडे घर असतं आणि बहिणीकडे रुमाल.

आणि तुमचा खटला हरण्यासारखा नाही, ताई. वाचलाय मी. वडिलांचं घर, मृत्युपत्र नाही, हिस्सा उघड आहे. मग हिला बाकावर का, मी आजोबांना विचारलं. म्हणाले, बहीण-भावाचं कोर्टात नेऊ नये, घर तुटतं. मी म्हटलं, घर तर भावाकडे अख्खं राहतं, तुटतं कोण? तर बाबा म्हणाले, मोठ्यांशी असं बोलतात? आमच्याकडे उत्तर संपलं की हे वाक्य येतं.

बाकाची युक्ती सुचली कशी? बरं विचारलंत. यावर पहिल्यांदा बसली ती आजोबांची सख्खी बहीण, आणि शेजारी आजोबा स्वतः. पणजोबांचं घर होतं ना हे. साखर त्यांनीच घातली असणार. आता आत्याआजी बाजारामागे भाड्याच्या खोलीत राहते, दर रविवारी आमच्याकडून तिला डबा जातो, आणि आजोबा म्हणतात, बघ, नातं टिकलं की नाही. मी तिला एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? डबा पुसत म्हणाली, "ती पुढची खोली माझी ठरली होती गं. उजेडाची." – हीच. तुम्ही बसलात ती.

हे मी बोलायला नको होतं. घरात कोणी बोलत नाही हे. आवाज चढला का माझा? दार बोटभर उघडं आहे, नाही का. असू दे.

जिन्यावर चपला वाजल्या. तोच असेल. उठू नका – जरा सरका, मी बसते. हं. झाला बाक भरून. या दादा. बसा म्हटलं असतं, पण जागा नाही. कोर्टात या, तिथे बाकं लांबलचक आहेत, आणि किती थांबायचं तेही सांगतात.

नाही, बाबा, खुणा करू नका. मी उठणार नाही. वकीलपत्रावर माझीही सही आहे, आजोबांनी खटला चालवला नाही तर मी चालवीन. ताईंनी मान डोलावलीय, बघा.

आलात, आजोबा? चष्माही कपाळावर गेलाय. मग विचारा ना नेहमीचं – कधीचे थांबलात म्हणून. आज मी सांगते, या खोलीसाठी कोण कधीचं थांबलंय.

विचारा.

– बाबा, तुम्ही तरी.