सुईत दोरा नव्हता

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. मध्ये त्यांच्या आईचं मशीन.

"ताई, दुपारी याची घरघर ऐकत झोपायचो आपण."

"आणि आई पाय मारता मारता गुणगुणायची. काय दिवस होते गं!"

"शेजारच्या खोलीत काका काकूला मारायला लागला, की आई चिरायची भाजी तशीच टाकून मशीनवर बसायची. आठवतं?"

"शिवण असायचं तिचं."

"सुईत दोरा नसायचा, ताई."

"माहितीये मला. मोठी होते मी."

"परवा दादाकडे गेले होते. भाच्याच्या खोलीतून तसाच आवाज आला. वहिनीनं लगेच मिक्सर लावला. भांडं रिकामं होतं."

"अगं बाई! मग तू काय केलंस?"

"बटण बंद केलं. वहिनी म्हणाली, वन्सं, घरातलं घरात राहू दे. मी जाऊन दार बडवलं आणि सूनबाईला घेऊन सरळ माझ्या घरी आले."

"दादा चिडला असेल."

"चिडू दे. हवं तितकं राहील पोर. शिवण छान येतं तिला, म्हणून तर हे माळ्यावरून काढलं. उद्या तक्रार द्यायला जातोय दोघी."

"दोघी कशा? मी काय घरी बसू?"

"बोला आजी, काय बिघडलंय मशीनचं?"

"बिघडलं नाही हो. आवाज फार करतं, तेवढा बंद करून द्या."