फ्यूज कुणाच्या खिशात?

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, अन् काकू,

मला भाषण येत न्हाय. माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या दारानं पळून जावं वाटलं. आप्पांना 'होते' म्हणायला जीभच रेटंना. परवा आपण समद्यांनी मिळून माती दिली, तरी आज सकाळी माझे पाय सवयीनं दुकानाकडंच वळले. शटर खाली. म्हणलं, आज उशीर झाला वाटतं आप्पांना. मग ध्यानात आलं, अन् तिथंच पायरीवर बसले.

पंख्याच्या खडखडाटात ऐकू येत नसलं तर हात वर करा. हा पंखा मीच बसवलाय, त्यामुळं शिव्या मलाच द्या.

परगावच्या पाहुण्यांसाठी सांगते. मी सुरेखा, या अणदूरची सून. दोन लेकरं शाळेला लावून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तुळजापूरला वर्षभर वायरमनचा कोर्स केला. सर्टिफिकेट आणलं, फ्रेम केलं, भिंतीला लावलं. अन् काम? कुणी दिलं न्हाय. परवान्याला अनुभव पाहिजे, अनुभवाला काम पाहिजे, अन् कामाला म्हणं बाप्या माणूस पाहिजे. "बाई शिडीवर चढली तर खाली जत्रा भरंल," असं मला तोंडावर म्हणणारे आज इथं पुढच्याच रांगेत हायत. बसा, बसा. नाव घेत न्हाय.

शेवटी आप्पांच्या वायरिंगच्या दुकानात गेले. कपाळाला विभूती, नाकावर चष्मा, पुढ्यात कुणाच्या तरी मोटारीचा स्टार्टर उघडून बसलेले. मी फ्रेमसकट सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांचे हात तेलकट होते, म्हणून हातात न घेताच मान वाकडी करून वाचलं.

"करंट बसलाय का कधी?"

"न्हाय."

"मग वर्षभर काय शिकलीस?"

मला असला राग आला! पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दुकानात हजर.

सहा महिने शिडी धरली. सहा महिने! वायर सोलायची, पक्कड द्यायची, शिडी धरायची. एकदा न राहवून म्हणलं, "आप्पा, मी शिकायला आलेय का शिडीला टेकू द्यायला?" तर वरनंच म्हणले, "पोरी, मी वर हाय तवर माझा जीव तुझ्या हातात हाय. आधी त्येवढं नीट धर." आप्पा रागावले तर मराठीत रागवायचे, अन् भ्याले तर कानडीत. एकदा मी टेस्टर न लावताच वायरीला हात घालाय गेले, तर "बिडू! बिडू!" असं वरडले, की शेजारचा चहावाला कप टाकून पळत आला. बिडू म्हणजे सोड. एवढी एकच कानडी मला येती, पण ती जन्मभर पुरंल.

अन् एक नियम. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी त्यांनी काम केलं, त्यांना ठाऊक हाय. मीटरच्या बोर्डातला तो पांढरा चिनी मातीचा फ्यूज काढायचा, म्हणजे घरातली लाईट बंद. अन् जो शिडीवर चढंल, त्यानं तो फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. बोर्डावर न्हाय, फळीवर न्हाय, घरमालकाच्या हातात तर अजिबात न्हाय. "बंद केलंय, चढा तुम्ही" असं सख्ख्या भावानं सांगितलं तरी आप्पा चढायचे न्हायत. मी चढाय लागले तेव्हा रोज तोच सवाल. "फ्यूज कुणाच्या खिशात?" मी म्हणायची, "माझ्या खिशात." मग म्हणायचे, "चढ."

आता, मंडळी, जे सांगायला उभी राह्यलेय ते सांगते. काकू, तुमच्या मालकांचं हाय, म्हणून तुमच्याकडं बघून सांगते.

माझ्या ड्रेसला खिसाच नव्हता.

बायांच्या कपड्याला खिसा असतोय का? मी फ्यूज बोर्डाच्या वर ठेवायची, अन् "माझ्या खिशात" म्हणून मोकळी व्हायची. एवढ्याशा गोष्टीसाठी बाई असल्याची तक्रार कुठं करायची, असं वाटायचं. हजारदा ठेवला असंल, काय झालं न्हाय.

सात वर्षं झाली त्याला. आपल्या गावचे देव पालखीनं नळदुर्गाच्या मुक्कामाला गेलेले, त्यामुळं गावात सामसूम. एका नव्या घराचं काम होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण एका खोलीची वायर मी एकटीनं ओढली होती. खाली उतरले. आप्पा जोड तपासायला शिडीपाशी आले. नियमानं फ्यूज त्यांनी माझ्याकडनं मागून घ्यायचा. पण त्या दिवशी मागितला न्हाय. नुसतं विचारलं, "फ्यूज कुणाच्या खिशात?" मी म्हणलं, "माझ्या." अन् माझ्या शब्दावर तो माणूस वर चढला. उभ्या जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शब्दावर चढला.

घरात पाहुणे होते. त्यातल्या कुणाला तरी मोबाईल चार्जिंगला लावायचा होता. बोर्डावर फ्यूज दिसला, बसवला. त्यांची काय चूक?

पुढचं तुम्हाला म्हाईत हाय. शिडीवरनं पडले, मांडीचं हाड मोडलं, आप्पा जन्माचे लंगडे झाले. पण तुम्हाला म्हाईत हाय ते खोटं हाय. "पाय घसरला," असं सांगितलं त्यांनी समद्यांना. दवाखान्यात सांगितलं, पोरांना सांगितलं, पारावर सांगितलं. लोक हसले. "म्हातारपणी कशाला शिडीचा सोस?" म्हणले. ज्याचा पाय चाळीस वर्षांत घसरला न्हाय, त्यानं ते हसत हसत ऐकून घेतलं. मी दवाखान्यात पायाशी बसून रडाय लागले, तर म्हणले, "गप. गावाला कळलं तर तुला परत कोण शिडीवर चढू देईल?"

आप्पांचा पाय घसरला नव्हता. माझी चूक होती. मला माफ करा.

त्यानंतर ते खाली खुर्ची टाकून बसायचे अन् वर मी. माझा समदा अनुभव असा झालाय, मंडळी. परवान्यासाठी त्यांनी लिहून दिलं, "हिच्या हातचं काम मी स्वतः शिडीवर चढून तपासलेलं हाय." मला ते वाचवंना. ते मात्र मिशीत हसत व्हते.

अन् काकू, आप्पा दवाखान्यातनं घरी आले त्याच आठवड्यात तुम्ही मला बोलावलंत. माझे तिन्ही ड्रेस घिऊन मशीनवर बसलात. उजव्या बाजूला खोल खिसा, वर बटण. "हात घालून बघ, नीट मावतोय का," एवढंच म्हणलात. चहा दिलात अन् वाटेला लावलंत. सात वर्षं मी मनाची समजूत घातली, की काकूंना काय ठाऊक असणार. आज विचारते. काकू, तुम्हाला ठाऊक व्हतं का?

...मान हलवतायत. व्हय म्हणत्यात.

आता आप्पांसाठी दोन मिनिटं उभं राहू. थांबा, पंखा लई आवाज करतोय. आप्पांना गोंगाटात काम आवडायचं न्हाय. मी जाऊन बोर्डातनं फ्यूज काढते, माइकबी बंद होईल, म्हणून शेवटचं आत्ताच बोलून घेते.

आप्पा, निवांत जावा. फ्यूज माझ्या खिशात हाय.