चाकवत बी धरायच्या आत

मी मूळची कऱ्हाडजवळची, शेतकऱ्याची पोरगी, शेतकी कॉलेज केलेली, साखर म्हणजे ऊस एवढंच डोक्यात. लग्न झालं नि दोन हजार एक साली सुनीलच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागं आले ती थेट नॉर्थ डाकोटात, फार्गोला. लोक एडिसनला जातात, तिथं म्हणे आपली दुकानं, आपली माणसं, आणि आमच्याकडं बघावं तिकडं सपाट रान नि साखरेचं बीट. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळं काही वर्षं नुसती घरात. काय सांगू तुम्हाला, हातपाय धड असून बसून राहायचं म्हणजे वेड लागायची पाळी. ग्रीन कार्ड आलं आणि मी लगेच स्काउटिंगची नोकरी धरली, म्हणजे शेतं पायी फिरायची, तण किती, रोग कुठं, ते शेतकऱ्याला सांगायचं. सुनील म्हणाला, अगं एमबीए वगैरे कर की यार. मी म्हटलं, तू तुझा कॉम्प्युटर बघ.

कार्ल माझा पहिला शेतकरी, सत्तरीचा, तोंडाचा फटकळ. त्याच्याकडं बीट भांगलायला दर उन्हाळ्यात टेक्सासहून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, लांब दांड्याची खुरपी घेऊन. आणि तण तरी काय, निम्मं आपलं चाकवत! मंडईत जुडीनं विकतात ना, तेच. दोन हजार आठला जीन बदललेलं नवं बियाणं आलं, वरून तणनाशक मारलं की तण मरतं, बीटाला काही होत नाही. कार्ल खूश, म्हणाला, संपली भांगलण. मी म्हटलं, कार्ल, तण बोटभर आहे तोवर मार. तो म्हणाला, घाई काय, सगळं उगवून येऊ दे, एकदाच मारू, औषध तगडं आहे. मालक तो, मी काय बोलणार! थांबला तो थांबला, चाकवत गुडघ्याला लागलं तेव्हा मारलं.

तण पिवळं पडलं, माना टाकल्या. कार्लनं फोन करून मला हिणवलं पण, बघ म्हणाला. थोड्या दिवसांनी मी फिरायला गेले तर मोठी मोठी झाडं बगलेतून परत फुटलेली. एकेका झाडाला हजारो बिया, आणि ज्यानं औषध पचवलं त्याचंच बी रानात पडत राहिलं तर उद्या ते औषध म्हणजे नुसतं पाणी. कार्लला म्हटलं, बी धरायच्या आत उपटायला पाहिजे. तो म्हणाला, माणसं कुठायत? टेक्सासवाल्यांना मी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि हे महागाचं बियाणं मी काय भांगलायला घेतलं? मी म्हटलं, माणसं मी आणते.

आणली कुठनं? मराठी मंडळातनं, मोजकीच घरं आमची, पण मंडळ होतं! ईमेल टाकली, शनिवारी कार्लच्या शेतावर चाकवत उपटायचंय, सगळ्यांनी या. तर अगं बाई, सगळे आले की पिशव्या घेऊन! कुलकर्णी काकूंनी तर पातळ भाजीसाठी ताकसुद्धा करून ठेवलेलं. मी ओरडले, काकू, औषध मारलंय त्यावर, एक पान तोंडात घालायचं नाही! काकू म्हणाल्या, मग आम्हाला बोलावलंस कशाला भवाने? मी सगळं समजावलं, बी पडलं तर काय होईल ते. काकूंनी ओढणी कमरेला खोचली, म्हणाल्या, चला रे, आलोय तर मोकळ्या हातानं जायचं नाही. मग त्याच पिशव्या भरभरून तण रानाबाहेर काढलं.

कार्ल पिकअपमध्ये बसून बघत होता, मला वाटलं हसतोय. दुपारी उतरला, काकूंच्या शेजारची ओळ धरली. मधूनमधून कंबर धरून उभा राहायचा, पण ओळ सोडली नाही म्हाताऱ्यानं.

एक कोपरा मात्र राहिला, पाण्याच्या चराकडचा. संध्याकाळी वादळ आलं, पुढं चिखलात पाय ठेवता येईना, आणि रान सुकून वाफसा आला, मी आत शिरले, तोवर बी झडलेलं. रडले मी, खोटं कशाला सांगू.

आता बीट निघालं. परवा कार्लनं विचारलं, पुढच्या वर्षी औषध कधी मारायचं? मी म्हटलं, मी सांगीन तेव्हा. बरं म्हणाला. मी म्हटलं, पण त्या कोपऱ्यात मी हातानं उपटणार, दर वर्षी, तिथलं बी संपेपर्यंत. तो म्हणाला, मीही येतो. आता ते बी कितीतरी वर्षं उगवत राहणार, आणि हा सत्तरीचा. उगवू दे. देवानं त्याच्या कमरेला तेवढं बळ द्यावं, माझं मी बघते.